गूगल साइट्स: सतरा पोर्टफोलिओ झाल्यावरचं मत

आधी निकाल सांगते. एम.ए., एम.एस्सी., एम.कॉम. करणाऱ्या किंवा पीएच.डी.ला लागलेल्या कुणालाही पहिला डिजिटल पोर्टफोलिओ, म्हणजे आपलं काम दाखवणारी छोटी वेबसाइट, करायचा असेल, तर गूगल साइट्स हे गूगलचं वेबसाइट बनवायचं साधन घ्यावं. मी पाचात चार गुण देते. एक गुण का कापला ते पुढे येईलच.

हे मत मी एकटीनं वापरून बनवलेलं नाही. फेब्रुवारीतल्या लागोपाठ दोन रविवारी अमळनेरला एका अभ्यासिकेच्या वरच्या मजल्यावर सतरा विद्यार्थी बसले आणि प्रत्येकानं स्वतःचा पोर्टफोलिओ उभा केला. शिकवायला बाहेरून कुणी आलं नव्हतं. कार्यशाळा मी घेतली, आणि मीही त्यांच्यासारखीच विद्यार्थिनी आहे. मराठीत पीएच.डी. करते, विषय अहिराणीतली कानबाईची, म्हणजे खानदेशात घरोघरी बसवतात त्या देवीची, गाणी. अमळनेर निवडलं ते रेल्वेमुळे. नंदुरबार, दोंडाईचा, धरणगाव, जळगाव ही सगळी गावं त्याच मार्गावर येतात, आणि धुळ्याहून एसटी आहेच. धडगावची एक मुलगी मात्र आदल्या दिवशीच घाट उतरून आली आणि माझ्याकडे मुक्कामाला राहिली.

माझा स्वतःचा पहिला पोर्टफोलिओ वेगळ्या ठिकाणी होता. पैसे भरून घेतलेली सेवा, तयार साचे, दिसायला फार देखणं. नाव लिहीत नाही. पहिल्या वर्षाची वर्गणी परवडली. दुसऱ्या वर्षी ती जवळपास तिप्पट झाली, आणि नेमके तेव्हा माझ्या हातात पैसे नव्हते. मुदत संपली आणि पान बंद. चाळीसेक गाण्यांखाली मी टिपा लिहिल्या होत्या: गाणं कुठल्या गावात ऐकलं, स्थापनेच्या रात्री जागरणात की दुसऱ्या दिवशी विसर्जनाला निघताना, म्हणणाऱ्या बाईनं ते कुणाकडून उचललं. त्या टिपा मी थेट तिथेच टाइप केल्या होत्या, दुसरीकडे कुठेही नव्हत्या. वह्यांतून त्या परत उभ्या करायला दोन महिने लागले आणि काही परत आल्याच नाहीत. त्यामुळे साधन निवडताना माझा पहिला प्रश्न हा असतो की पैसे थांबले तर काय होईल. गूगल साइट्सला वर्गणी नाही, पानावर जाहिराती येत नाहीत, आणि साधं जीमेल खातं असलं की पुरतं. आमच्याकडच्या मुलांपैकी जीमेल नसलेलं कुणी मला अजून भेटलेलं नाही.

आता कार्यशाळेचं. मागच्या वर्षी मी असाच एक प्रयत्न केला होता आणि तो फसला होता. सकाळी दहाला लॅपटॉप उघडले, मी पडद्यावर बटणं दाखवली, आणि दुपारपर्यंत सगळे रंग आणि मथळ्यामागचा फोटो बदलत बसले. संध्याकाळी बारा जणांकडे सुंदर मथळा होता आणि खाली काहीच नव्हतं. दोष साधनाचा नव्हता, माझ्या क्रमाचा होता. या वेळी जेवणापर्यंत लॅपटॉप उघडायचेच नाहीत असं ठरवलं. प्रत्येकाला अर्धा कागद दिला आणि एकच काम सांगितलं: गेल्या दोन वर्षांत तुम्ही स्वतःच्या हातानं केलेली तीन कामं लिहा, आणि प्रत्येकाखाली तीन वाक्यं. मला काय करायचं होतं, मी नेमकं काय केलं, आणि करताना काय बदललं किंवा चुकलं.

तिसऱ्या वाक्यापाशी सगळे अडले. गुणपत्रिकेत ते वाक्य नसतं, बायोडेटात नसतं, प्रबंधातही फारसं नसतं. पण मुलाखत घेणारा किंवा मार्गदर्शक म्हणून तुमचा विचार करणारा माणूस नेमकं तेच शोधत असतो. प्रमाणपत्र सगळ्यांकडेच असतं, पण प्रयोग का फसला आणि मग मी काय केलं हे ज्याचं त्यालाच सांगता येतं.

धुळ्याचा एक एम.कॉम.चा मुलगा कोरा कागद घेऊन बसला होता. म्हणाला, "ताई, माझ्याकडे दाखवायला काही नाहीच. मी फक्त मामाच्या आडतीवर हिशेब बघतो." किती वर्षं बघतोस, विचारलं. बारावीपासून. म्हणजे कापसाची आवक, तोलाई, हमाली, शेतकऱ्याला द्यायची हिशेबाची पट्टी, जीएसटीचं विवरण, हे सगळं तो पाच वर्षं रोज करत होता आणि त्याच्या लेखी ते काम नव्हतं. त्याच्या शेजारी मी मुद्दाम इतिहासाच्या मुलीला बसवलं होतं. जोड्या लावताना मी एकच नियम पाळते, दोघांचे विषय वेगळे हवेत. तिनं त्याला विचारलं, "पट्टी म्हणजे काय?" आणि तो वीस मिनिटं बोलला. मी फक्त म्हणाले, आता जे बोललास ते लिहून काढ. पुढे त्यानं मामाच्या दुकानाचा एकही खरा आकडा न वापरता, नमुन्याचे आकडे घालून, एका पोत्यापासून पट्टीपर्यंतचा हिशेब एका पानावर मांडला. सतरा जणांत मला सर्वांत आवडलेलं पान तेच.

दुपारी वरणबट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी झाली, आणि मग लॅपटॉप उघडले. सतरा जणांत नऊ. इथे गूगल साइट्सचा पहिला मोठा गुण कळला. शिकायला वेळच लागत नाही. ब्राउझरच्या पट्टीत साइट्स डॉट न्यू असं इंग्रजीत टाइप केलं की कोरी साइट समोर येते. उजवीकडे इन्सर्ट, पेजेस, थीम्स असे तीनच विभाग. मजकुराची चौकट, चित्र, ड्राइव्हमधली फाइल, यूट्यूबचा व्हिडिओ, नकाशा, जे हवं ते टिचकी मारून पानावर आणायचं आणि ओढून जागेवर ठेवायचं. चाळीस मिनिटांत सगळ्यांची निदान एकेक चौकट भरलेली होती. कोडची एक ओळ लिहावी लागत नाही. काम आपोआप साठत जातं, त्यामुळे मध्ये वीज गेली, राउटर बंद पडला, तरी फार काही गेलं नाही. कुणी चुकून अख्खं पान उडवलं तर आधीची आवृत्ती परत आणता येते. दोघींनी पान उडवलं आणि दोघींना ते परत मिळालं. एकच साइट दोन लॅपटॉपवरून दोघांना एकाच वेळी लिहिता येते, गूगल डॉक्ससारखी. 

सगळ्यांना भोवलेली गोष्ट म्हणजे परवानगी. हे नीट सांगते, कारण पोर्टफोलिओ करणाऱ्या दहांतल्या निम्म्यांचं इथेच बिनसतं आणि त्यांना ते कळतही नाही. तुम्ही तुमचा अहवाल पीडीएफ करून ड्राइव्हवर टाकता, तिथून तो साइटवर आणता. तुम्हाला तो छान दिसतो. दिसणारच, फाइल तुमची आहे आणि तुम्ही तुमच्याच खात्यात बसलेले आहात. पाहुण्याला मात्र त्या जागी परवानगी मागा अशी पाटी दिसते, कारण साइट जरी सगळ्यांना खुली केली तरी आतल्या फाइलचं कुलूप वेगळं असतं. दोंडाईच्याच्या मुलीनं आपला दुवा बहिणीला पाठवला आणि तिकडून फोन आला, पानावर नुसता राखाडी डबा आहे. "हाई काय व्हयनं, ताई?" म्हणून ती धावत माझ्याकडे आली, आणि पाच मिनिटांत कळलं की सोळा जणांचं तेच झालंय. ड्राइव्हमध्ये त्या फाइलवर जाऊन, शेअरमध्ये, दुवा असलेल्या कुणालाही फक्त पाहता येईल असं करावं लागतं. प्रत्येक फाइलला एकेक करत बसू नका. पोर्टफोलिओ नावाचा एक फोल्डर करा, त्याला एकदाच परवानगी द्या आणि दाखवायचं तेवढंच त्यात ठेवा. आणि तपासताना ब्राउझरची इन्कॉग्निटो खिडकी उघडून तिथे आपला दुवा टाका. तिथे दिसलं तरच जगाला दिसतंय असं समजा.

दुसरी तशीच गोष्ट पब्लिश बटणाची. काम साठतं, पण पाहुण्याला दिसत नाही. पहिल्यांदा पब्लिश केल्यावर पुढचे सगळे बदल मसुद्यातच राहतात, परत पब्लिश दाबलं की मगच पानावर येतात. मला हे आवडतं, कारण अर्धवट वाक्य जगासमोर जात नाही. पण पहिल्या रविवारी तीन जणांनी घरी जाऊन तासभर दुरुस्त्या केल्या आणि दुसऱ्या दिवशी ग्रुपवर विचारलं की बदल गेले कुठे.

पत्त्याबद्दल. पब्लिश करताना पत्ता निवडायला सांगतात. तो घाईत निवडू नका. आमच्यातल्या एकानं इन्स्टाग्रामवरचं टोपणनाव आणि पुढे जन्मसाल टाकलं होतं. नाव, आडनाव, हवं तर मध्ये आडवी रेघ, एवढंच पुरे. हा पत्ता उद्या बायोडेटावर छापला जाणार आहे आणि फोनवर कुणाला तरी सांगायचाही आहे.

आता त्या प्रसंगाकडे येते ज्यामुळे या साधनाकडे बघण्याची माझी नजर बदलली. सतरा जणांत एक मुलगा दृष्टिहीन होता, राज्यशास्त्रात एम.ए. करतो. तो संगणकावर एनव्हीडीए वापरतो. पडद्यावरचं वाचून दाखवणारं ते मोफत सॉफ्टवेअर आहे. दुसऱ्या रविवारी सकाळी मी त्याला म्हणाले, तू सगळ्यांची पानं ऐक आणि काय ऐकू येतं ते सांग. लॅपटॉपला स्पीकर लावला. पहिलंच पान सावद्याच्या एका मुलाचं होतं. तो वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करतो, केळीवरच्या करप्यावर प्रकल्प आहे. पानावर अकरा फोटो होते. स्पीकरमधून आवाज आला: इमेज, इमेज, इमेज. अकरा वेळा. खोलीत कुणी काही बोललं नाही.

मग त्यानं समजावलं. गूगल साइट्समध्ये प्रत्येक चित्राला पर्यायी मजकूर देता येतो. चित्र निवडलं की तीन ठिपक्यांच्या यादीत ती सोय आहे. तिथे "फोटो १" लिहून उपयोग नाही. "केळीच्या पानावर पिवळसर कडा असलेले लांबट तपकिरी ठिपके" असं लिहिलं की ऐकणाऱ्यालाही रोग कळतो. दुसरं त्यानं सांगितलं ते मथळ्यांचं. आपण अक्षर मोठं आणि ठळक करतो आणि समजतो मथळा झाला. डोळ्यांना तो मथळा, पण एनव्हीडीएला तो साधाच परिच्छेद. मजकुराच्या चौकटीत वर हेडिंग, सबहेडिंग, साधा मजकूर असे प्रकार असतात, त्यातून हेडिंग निवडलं तर तो एच ही कळ दाबून एका मथळ्यावरून दुसऱ्यावर उडी मारू शकतो, नाहीतर त्याला सगळं पान पहिल्यापासून ऐकावं लागतं. सावद्याच्या मुलानं त्याच्याशेजारी बसून अकराही फोटोंची वर्णनं लिहिली. लिहिता लिहिता त्याच्या लक्षात आलं की दोन फोटोंत फरक काय हे त्यालाच सांगता येत नाहीये, म्हणून त्यानं एक काढून टाकला. असं करत करत शेवटी सात राहिले. पान आधीपेक्षा कितीतरी चांगलं झालं, डोळस माणसालाही.

संगणकशास्त्राचा एक मुलगा सुरुवातीपासून कुरकुरत होता. त्याचं म्हणणं, गूगल साइट्स म्हणजे पोरखेळ, गिटहब पेजेस (प्रोग्रॅमर आपलं कोड ठेवतात त्या गिटहबवरची वेबसाइटची सोय) वापरा. त्याच्यापुरतं ते बरोबर आहे असं मी त्याला तेव्हाही सांगितलं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचं काम कोडमध्येच दिसतं. गिटहब पेजेसही मोफत आहे, पानाचा प्रत्येक कोपरा स्वतःच्या हातानं घडवता येतो, आणि नोकरी देणारा गिटहबचं खातं बघणारच असतो. मोफत खात्यावर त्यासाठीची रिपॉझिटरी, म्हणजे कोडच्या फाइलींचा साठा, सगळ्यांना खुली ठेवावी लागते एवढं लक्षात ठेवायचं. त्यानं आपला पोर्टफोलिओ तिथेच केला आणि आमच्यातला तो एकटाच वेगळा. पण इतिहासाच्या, समाजकार्याच्या, वाणिज्याच्या मुलांना दोन रविवारांत गिट शिकवायचं म्हणजे स्वयंपाक शिकायला आलेल्यांना आधी चूल लिंपायला लावण्यासारखं आहे. वर्डप्रेस डॉट कॉमचाही विचार केला होता. ज्याला नियमित लेख लिहायचेत त्याला ते चांगलं, पण मोफत योजनेत पानावर जाहिराती येतात, आणि पडद्यावर इतके पर्याय दिसतात की नवखा बुजतो. कॅन्व्हा देखणं आहे, मात्र त्यातले साचे इतके भरलेले असतात की मुलं साच्याला शोभेल तसं काम निवडायला लागतात.

गूगल साइट्सच्या मर्यादा याच बाजूच्या आहेत. साचे थोडे आहेत, रचना एका चाकोरीतली, सगळ्यांची पानं भावंडांसारखी दिसतात. वाचकाला प्रतिक्रिया लिहायची सोय नाही, हवी असेल तर गूगल फॉर्म जोडावा लागतो. आवाजाची फाइल थेट पानावर टाकता येत नाही, ती ड्राइव्हमधूनच आणावी लागते. यासाठी मी गुण कापलेला नाही.

गुण कापला तो मोबाइलसाठी. पान मोबाइलवर वाचायला उत्तम दिसतं. संगणकावर बसून फोन, टॅब्लेट आणि मोठा पडदा अशा तिन्हींवर ते कसं दिसेल हे आधी पाहताही येतं. पण संपादन करायचं तर ते साधन संगणकासाठीच घडवलेलं आहे. ज्याच्या घरी लॅपटॉप आहे त्याला हे जाणवणार नाही. आमच्यातल्या आठ जणांकडे तो नव्हता. धडगावच्या मुलीनं मधल्या आठवड्यात गावी जाऊन फोनच्या ब्राउझरमध्ये डेस्कटॉप साइट लावून काम करून पाहिलं. एक चौकट हलवायला तिला चार-चार वेळा प्रयत्न करावा लागला. नंदुरबारच्या दुर्गम तालुक्यातल्या विद्यार्थ्याचा संगणक म्हणजे फोन. त्याला पुढच्या रविवारपर्यंत थांबावं लागत असेल तर तो पूर्ण गुण मी देऊ शकत नाही. यावर आम्ही काढलेला मार्ग असा: मजकूर फोनवर गूगल डॉक्समध्ये लिहायचा, फोटो फोनवरूनच त्या पोर्टफोलिओ फोल्डरमध्ये टाकायचे, आणि लॅपटॉप हातात आला की फक्त मांडणी करायची. अशानं लॅपटॉपवर तासाभराचंच काम उरतं.

त्याच मुलीमुळे दुसरा मोठा विषय निघाला. ती एम.एस.डब्ल्यू. करते. क्षेत्रकार्याचे अहवाल आणि पाड्यांवरच्या घरभेटींचे फोटो तिनं पोर्टफोलिओत घातले होते. फोटो चांगले होते, मुलांचे चेहरे स्पष्ट, अहवालात आयांची नावं, बाळाचं वजन, घरात काय शिजतं, सगळं. मी तिला काही म्हणण्याआधी इतिहासाच्या मुलीनं विचारलं, "त्या बाईला माहितीये का हे इंटरनेटवर येणार आहे?" धडगावची मुलगी बराच वेळ गप्प राहिली. मग तिनं स्वतःहून सगळे चेहऱ्यांचे फोटो काढले, नावं काढली, पाड्याचं नावही काढलं. त्या जागी तिनं स्वतः तयार केलेली घरभेटीची प्रश्नावली ठेवली, आणि पहिल्या मसुद्यातले कुठले प्रश्न पावरी बोलीत विचारताना बायकांना कळलेच नाहीत, मग ते तिनं कसे बदलले, हे लिहिलं. त्यात तिचं कौशल्य दिसतं आणि कुणाचं घर उघडं पडत नाही. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात बसून मोडी कागद वाचणाऱ्या इतिहासाच्या मुलीनंही मग स्वतःच्या पानावरचे कागदांचे फोटो तात्पुरते उतरवले. कागद ज्या संस्थेचा, तिची परवानगी घेतल्याशिवाय छायाचित्र लावायचं नाही, लिप्यंतर कसं केलं ते मात्र लिहायचं, असं तिनं ठरवलं.

आणि मला माझ्या गाण्यांचा विचार करावा लागला. ज्या बायकांनी मला कानबाईची गाणी म्हणून दाखवली, त्यांनी ती मला, समोर बसलेल्या एका मुलीला, म्हणून दाखवली होती. रेकॉर्ड करायला त्यांची हरकत नव्हती. पण माझ्या संशोधनाला दिलेली परवानगी म्हणजे जगाला दिलेली परवानगी नव्हे. पहिल्या पोर्टफोलिओत मी पाच ध्वनिमुद्रणं बिनधास्त खुली ठेवली होती. आज मला ते चुकीचं वाटतं. या वेळी मी प्रत्येकीला परत जाऊन भेटले, फोनवर पान दाखवलं आणि विचारलं. दोघी हो म्हणाल्या, एकीनं तर नाव ठळक लिही म्हणून सांगितलं. तिघींनी नको म्हटलं. त्या तिघींच्या गाण्यांचं मी काय केलं? पानावर गाण्याबद्दलची टीप आहे, ध्वनिफाइलही जागेवर आहे, पण ड्राइव्हमध्ये ती बंद आहे. कुणा अभ्यासकाला ऐकायचं असेल तर तो परवानगी मागतो, मी त्या बाईला फोन करते, ती हो म्हणाली तरच उघडते. पहिल्या रविवारी ज्या दुहेरी कुलपानं सोळा जणांना रडवलं, तेच कुलूप इथे माझ्या कामी आलं. पीएच.डी. करणाऱ्यांना माझं सांगणं आहे की लोकांकडून गोळा केलेलं साहित्य असेल तर एवढ्या एका सोयीसाठीसुद्धा हे साधन घेण्यासारखं आहे. प्रबंध उद्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात जाईल, शोधनिबंध ऑर्किड या संशोधकाच्या सोळा अंकी ओळख क्रमांकाखाली एकत्र दिसतील, पण ते काम तुम्ही कसं, कुणाच्या साथीनं केलं हे सांगायची जागा पोर्टफोलिओच.

टिकण्याबद्दल दोन शब्द, कारण मी एकदा गमावलेलं आहे. साइट कॉलेजनं दिलेल्या ईमेलवर करू नका. पदवी संपल्यावर ते खातं बंद झालं तर साइटही गेली. स्वतःच्या जीमेलवर करा. गूगलचं खातं सलग दोन वर्षं वापरलंच नाही तर ते काढून टाकलं जाऊ शकतं, असा त्यांचा नियम आहे, तेव्हा त्यात अधूनमधून डोकावत राहा. गूगलनं 2008 साली आणलेली जुनी साइट्स आणि 2016 साली आलेली नवी साइट्स ही दोन वेगळी साधनं होती आणि जुनं पुढे बंद केलं गेलं, हेही लक्षात असू द्या. फुकट आहे म्हणजे कायम आहे असं नाही. मी आता प्रत्येक टीप आधी डॉक्समध्ये लिहिते, मग साइटवर नेते, आणि दर सहा महिन्यांनी प्रत्येक पान ब्राउझरमधून प्रिंटला देऊन त्याची पीडीएफ करून पेनड्राइव्हवर ठेवते. सतरा जणांनाही हेच करायला लावलं. पेनड्राइव्ह आणलेच नव्हते कुणी, मग संगणकशास्त्राच्या मुलानं आपल्या हार्डडिस्कवर सगळ्यांच्या प्रती घेतल्या आणि पुढच्या आठवड्यात ज्याच्या त्याला पोचवल्या.

मराठीत पान करणाऱ्यांसाठी एक सूचना. थीममधला प्रत्येक फाँट देवनागरीसाठी केलेला नसतो. तसा फाँट निवडला तर मराठी अक्षरं वाचणाऱ्याच्या फोनमधल्या दुसऱ्याच फाँटमध्ये दिसतात आणि इंग्रजीशी त्यांचा मेळ बसत नाही. दोन वेगळ्या फोनवर पाहून मगच ठरवा. सतरांपैकी सहा जणांनी पूर्ण पोर्टफोलिओ मराठीत केला, बाकीच्यांनी मुख्य पान दोन्ही भाषांत.

दुसऱ्या रविवारी जेवणाच्या वेळी सगळ्यांनी आपापले दुवे घरी पाठवले. पोरं जेवत असताना सावद्याच्या मुलाचा फोन वाजला. वडील होते. त्यांनी पान उघडून पाहिलं होतं, फोटो मोठे करून. एका फोटोखाली मुलानं लिहिलं होतं, "मृगबागेतील केळी, डिसेंबर." वडील म्हणाले, "डिसेंबरात मृगबाग एवढीशी असते का रे? जूनची लावण तोवर डोक्याच्या वर जाते. ही कांदेबाग आहे आपली, नाल्याकडची." मुलानं हात धुतले, लॅपटॉपपाशी गेला, टीप दुरुस्त केली, खाली लिहिलं: लावणीचा हंगाम वडिलांनी ओळखून सांगितला. मग दारापर्यंत आला, थबकला, परत गेला आणि पब्लिश दाबून आला.